गोदाच्या हाताचं माप

सोलापूर
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोदास,
दादाचे आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे कुणाला काही झालेलं नाही. होण्यासारखा मी एकटाच आहे आणि मी ठीक आहे. फोनवर आपण दोघंही ‘बरंय ना?’ ‘बरंय की’ याच्या पुढे जात नाही, आणि मला जरा लांबलचक लिहायचंय, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘काका, कुरिअर करा की, उद्या पोचतंय.’ मी म्हटलं, उद्या पोचायची घाई नाही.

भाऊबीजेला तुझ्या फोनची वाट बघत होतो. आला तो वैदेहीचा. ‘आई देवळात गेलीये’ म्हणाली. यशवंतरावांना जाऊन दीड वर्ष झालं, तू आता घराबाहेर पडतेस हे ऐकून बरं वाटलं. मग तिनं ते गिटारचं सांगितलं. 

रेडिओवर जुनं गाणं लागलं की तू म्हणे पोळपाटाच्या कडेवर लाटणं तिरकं करून सरकवत बसतेस. वैदेहीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं तू सांगितलंस, की लग्नाआधी तू हवाईयन गिटार वाजवायचीस. तिला हे माहीतच नव्हतं! पस्तिशीची पोर, कॉलेजात शिकवते, आणि आपली आई गिटार वाजवायची हे तिला लाटण्यावरून कळलं. ‘मामा, तुम्हीसुद्धा कधी बोलला नाहीत,’ असं म्हणाली. नाही बोललो.

आता तिनं पुण्याहून सहा तारांची गिटार मागवलीच आहे, तर बारचं लिहितो. तुला काही सांगायला नको, पण वैदेहीही वाचेल म्हणून पहिल्यापासून लिहितो.

ही गिटार मांडीवर आडवी घेतात. तारा बोटांनी दाबत नाहीत. डाव्या हातात एक गुळगुळीत पोलादी दांडकं धरून ते तारांवरून सरकवायचं, तो बार. सूर त्या बारच्या खाली असतो. उजवा हात नुसता तार छेडतो. म्हणून गिटार कुठल्या कंपनीची यापेक्षा बार हाताला बसतो का, हे आधी बघावं.

लांबी अशी हवी की सहाही तारांवर बार पडून टोकाला थोडासा उरेल. फार उरला तर एकाच तारेवर टोक टेकवताना मागचा भाग तळव्यात घुसतो. जाडीचं म्हणशील तर इंचभर जाडीचा बार जड असतो. सूर दमदार येतो, लांबतो, पण तो पेलायला अंगठा आणि मधलं बोट तशी लागतात. लहान हाताला तो ओढत नेतो. उलट अगदीच हलका घेतला तर तारेवर नीट टेकत नाही, करकरतो. अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं दोन्हीकडून धरल्यावर पहिलं बोट वर सहज टेकलं पाहिजे आणि शेवटची दोन बोटं मागे तारांवर पडली पाहिजेत. ती दोन बोटं हवेत राहिली तर बार मोठा आहे असं खुशाल समज.

अण्णांचा बार होता तसला मात्र घेऊ नकोस. साडेतीन इंच लांब, इंचभर जाड. पाव किलोच्या वर वजन असेल त्याचं.

एक कर. डावा हात कागदावर ठेवून वैदेहीला पेन्सिलीनं कडेकडेनं गिरवायला सांग आणि तो कागद मला पाठव. मी इथं दुकानात जाऊन बघतो. आकड्यांवरून मागवायची घाई करू नका.

माझं नेहमीचंच. सोजरबाई सकाळी येऊन भाकरी-कालवण करून जातात, तेच दोन्ही वेळेला पुरतं. आशिष बंगळूरहून रविवारी फोन करतो. शैलाला जाऊन मार्गशीर्षात तीन वर्षं होतील. तिच्या कुंड्यांतली तुळस तेवढी टिकली आहे.

कागद नक्की पाठव.

तुझा,
दादा


सोलापूर
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोदा,
आशीर्वाद.

तुझा हात शनिवारी पोचला.

घडी उलगडून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तसाच बघत बसलो. करंगळी अजून तशीच बाहेर वळलेली. अंगठ्याची रेघ एका जागी तुटली आहे, तिथं वैदेहीची पेन्सिल घसरली असणार. या घरात गेली तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर माझ्याशिवाय कुणाचा हात टेकलेला नाही. सोजरबाई उभ्याउभ्याच चहा पितात, कितीही सांगा, बसत नाहीत. मी माझा हात त्या कागदावर ठेवून बघितला. तुझी बोटं माझ्या दुसऱ्या पेरापर्यंतच येतात.

सोमवारी सात रस्त्यावर गेलो होतो. तिथं मागच्या गल्लीत वाद्यांचं एक दुकान आहे, मल्हार म्हणून तिशीतला माणूस चालवतो. कीबोर्ड, युकुलेले भिंतभर टांगलेत. मी स्टील गिटारचा बार मागितला तर तो म्हणाला, ‘काका, आमच्याकडं हे मागणारे वर्षाला दोन येतात. गेल्या वर्षीचे दोन्ही तुम्हीच.’ पण माणूस चांगला. कागद दाखवला तर त्यानं पट्टी काढून अंगठ्याच्या टोकापासून मधल्या बोटापर्यंत मोजलं, म्हणाला, ‘पाऊण इंच जाडीचा, पावणेतीन इंच लांब. यापेक्षा मोठा देऊ नका यांना.’ मला ते आधीच माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मी त्याला पुन्हा एकदा मोजायला लावलं. त्याच्याकडं त्या मापाचा नव्हता, मागवतो म्हणाला.

कागदाच्या मागं तू लिहिलंयस, ‘दादा, मुळात माझ्या हातात नाहीच हे, तुला माहीतच आहे. वैदेही ऐकत नाही म्हणून पाठवतेय.’

असं लिहीत जाऊ नकोस.

इथं थंडी पडायला लागली. म्हणजे आपल्या सोलापूरची थंडी, पहाटे चादर आणि दुपारी पंखा. विमा कंपनीतले आमचे निवृत्त लोक महिन्यातून एकदा भेटतात, त्यांनी यंदा मला गिटार वाजवायला सांगितली. जुनी चार गाणी वाजवली. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. घरी येऊन गिटार पेटीत ठेवताना कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की तिसऱ्या गाण्यात एक जागा चुकली होती. शैलाला सुरातलं कळायचं नाही, पण चुकलं की तिला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं.

तुझ्या त्या ओळीचं उत्तर मला द्यायचंय. आज जमत नाही. हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय. पोस्टाची वेळ होत आली, एवढंच पाठवतो.

तुझा,
दादा


सोलापूर
५ डिसेंबर २०२४

गोदा,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच. वैदेहीला दाखवायचं की नाही ते नंतर तू ठरव.

परवा सोजरबाई स्वयंपाकघरातला खण आवरत होत्या. चमच्यांच्या खालून एक लोखंडी तुकडा काढून मला दाखवायला घेऊन आल्या. ‘काका, ह्यो दांडा कशाचा हाय? लई जड हाय की. फेकू का?’

मी म्हटलं, ‘नको. द्या इकडं.’

‘वहिनी ह्याच्यानं येलदोडं कुटायच्या. म्या बघितलंय.’

खरं होतं ते. शैलाला तो माझ्या जुन्या ट्रंकेत सापडला होता, लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी. ‘हे काय?’ म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मिलमधलं असंच काहीतरी. मग तिनं तो धुऊन स्वयंपाकघरात नेला आणि पस्तीस वर्षं त्यानं वेलदोडे, सुंठ, कधी आलं कुटलं. रोज सकाळी मला तो ठक ठक आवाज यायचा आणि मी पेपर वाचत असायचो.

तो बार तुझा आहे.

आता सगळं सांगतो. १९८२ सालचं. मी तेवीस वर्षांचा, बी. कॉम. होऊन घरी बसलेला. तू एकोणीसची. अण्णा मिलमध्ये टाइमकीपर होते. मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन गेटवर जायचो. घरात गिटार एक आणि बार एक, तोही अण्णांच्या हाताचा. गिटार अण्णा मला शिकवायचे. तू समोर भाजी निवडत बसायचीस आणि समोरून बघून बघून शिकलीस, म्हणजे सगळं उलटं. अण्णांचा बार तुला उचलायचा नाही म्हणून तू खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली घेऊन वाजवायचीस.

चनमल्लप्पा आठवतो ना? मिलच्या वर्कशॉपमधला टर्नर. गुरुवारी सुट्टी असली की अण्णांची गिटार ऐकायला यायचा, ओट्यावर बसून बिड्या ओढायचा. अण्णा दमले की तो तुला वाजवायला सांगायचा. ‘तंगी, तू वाजव,’ म्हणायचा. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, तो तुला त्याच नावानं हाक मारायचा.

बसप्पाच्या ऑर्केस्ट्राला गिटारवाला हवा होता. त्याला कुणीतरी सांगितलं, टाइमकीपरची दोन्ही पोरं वाजवतात. त्यानं निरोप धाडला, रविवारी सकाळी दोघांनाही घेऊन या, ऐकतो. अण्णा हसून म्हणाले होते, ‘बघू कुणाला घेतोय.’ बाटली घेऊन तिथं जाता येणार नव्हतं. तू अण्णांच्या बारवर तीन-चार दिवस हात बसवायचा प्रयत्न केलास. रात्री अंगठ्याला तेल लावायचीस.

शनिवारी मी डबा घेऊन गेलो तर अण्णांच्या आधी चनमल्लप्पा गेटवर आला. खिशातून त्यानं सुती चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लेथवर स्वतः काढलेला बार. एक टोक गोल, दुसरं सपाट, इतका घासलेला की त्यात माझा चेहरा दिसत होता. म्हणाला, ‘तंगीगे कोडप्पा. बहिणीला दे. तिचा अंगठा बघितलाय मी. अण्णांचा बार तिला व्हायचा नाही.’ मोजमाप न घेता, नुसतं ओट्यावरून बघून त्यानं केला होता. मी काल मल्हारकडं नेऊन मोजला. पाऊण इंच जाड. पावणेतीन इंच लांब.

मी तो खिशात घातला. घरी येईपर्यंत देणार होतो. घरी आलो, तू दारातच बसून अण्णांचा बार एका हातानं उचलून धरत होतीस, सवय व्हावी म्हणून. तू विचारलंस, ‘काय रे, उन्हातून आलास, पाणी देऊ?’ मी म्हटलं, दे. पाणी प्यालो. बार खिशातच होता.

रविवारचं तुला माहीत आहे. आधी मी वाजवलं, मग तू. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीत बार तिरका करायचा होता. तो तुझ्या हातातून सुटला, तारांवर आपटला आणि घरंगळत बसप्पाच्या पायापाशी गेला. ढोलकीवाला हसला. मग सगळे हसले. बसप्पा वाईट माणूस नव्हता, त्यानं बार उचलून दिला, म्हणाला, ‘बाई, पुन्हा वाजवा.’ तू उठलीस.

घरी जाताना तू म्हणालीस, ‘दादा, माझ्या हातातच नाहीय ते.’

आणि मी म्हटलं, ‘असू दे. तू गातेस की छान.’

पुढच्या आठवड्यात चनमल्लप्पानं गेटवर विचारलं, ‘कसा चालला बार?’ मी म्हटलं, ‘फार छान.’ तो इतका खूश झाला, की त्यानं दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले. मिल बंद पडल्यावर तो अक्कलकोटकडं आपल्या गावी गेला आणि तिथंच वारला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, तू त्याचा बार वाजवतेस.

का केलं, हे तू विचारशील. मला नोकरी नव्हती. मिलचं खरं नाही अशी बोलणी तेव्हाच सुरू झाली होती. तुझ्यासाठी स्थळं येत होती आणि ऑर्केस्ट्रात बसलेली मुलगी कोण करून घेणार, असंही मी मनाला सांगितलं. यातलं काही खोटं नाही. पण गेटवरून घरी येताना यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं, हेही तुला सांगतो. भीती वाटली होती. कसली, ते नीट सांगता येत नाही.

अकरा वर्षं मी बसप्पाकडं वाजवलं. नंतर कीबोर्डमध्येच गिटारचा आवाज यायला लागला आणि मला निरोप आला. एवढंच त्याचं झालं.

बार माझ्याकडं आहे. शैलाच्या हातून त्याला बारीक टवके गेलेत. तसा तारेवर ठेवला तर खरखरेल. एमआयडीसीतला एक लेथवाला म्हणाला, घासून देतो, पण माप बारीक होईल. मी घासायला दिला नाही. ते मी ठरवायचं नाही.

तू जे म्हणशील ते मला मान्य आहे. काहीच म्हणाली नाहीस तरी मान्य आहे.

नारायणदादा


सोलापूर
१२ जानेवारी २०२५

गोदा,

त्या दिवशी स्टँडवर जाताना तू म्हणालीस, फोन करू नकोस, पत्र लिहिलंस तर वाचीन, पण उत्तराची वाट बघू नकोस. तसंच लिहितोय.

त्याआधी एक महिना तुझ्याकडून काही आलं नव्हतं. दुपारी पोस्टमन खालच्या पेट्यांत कागद टाकतो त्याचा आवाज वर ऐकू येतो. मी लगेच जायचो नाही. अर्धा तास थांबून, जसं काही दुसऱ्याच कामाला निघालोय असं करून खाली जायचो. विजेचं बिल, आशिषच्या नावाचं बँकेचं पत्र, बस.

म्हणून गेल्या शनिवारी वैदेहीचा फोन आला, ‘मामा, आम्ही सात रस्त्यावर आहोत, ते दुकान कुठल्या गल्लीत?’ तेव्हा मी चपला कुठल्या घातल्या ते दुकानात पोचल्यावर बघितलं. एक माझी, एक बाथरूमची. तुला दिसलं असेल.

तू घरी न येता आधी दुकानात गेलीस, ते मला समजलं.

मी रुमालातून बार काढून दिला तेव्हा तू तो खिडकीपाशी उजेडात नेलास. टवक्यांवरून बोट फिरवलंस. मग नाकाशी नेलास. मला वाटलं, आता फेकशील. तू म्हणालीस, ‘वेलदोड्याचा वास येतोय. वहिनीनं तरी वापरला.’ आणि माझ्या हातात परत दिलास. ‘हा नको मला. चनमल्लप्पानं ज्या मुलीसाठी केला, ती एकोणीस वर्षांची होती.’

मल्हारनं तीन बार काढून ठेवले होते. मी तोंड उघडलं, पाऊण इंचाचा घे म्हणणार होतो. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, ‘मी बघते.’ मग तू बाकावर बसून त्याची गिटार मांडीवर घेतलीस आणि तीनही बार एकेक करून, काही न वाजवता, नुसते तारांवर ठेवून उचललेस. पुन्हा ठेवलेस. पंधरा मिनिटं तरी. वैदेही घड्याळ बघायला लागली. पाऊण इंचाचा तू बाजूला सारलास आणि त्याहून थोडा जाड, तीन इंचाचा घेतलास. मल्हार म्हणाला, ‘काकू, हा जड होईल.’ तू म्हणालीस, ‘बेचाळीस वर्षं कणीक मळलीये. होऊ दे जड.’

तुझी शेवटची दोन बोटं मागे तारांवर नीट टेकली होती. माझं माप चुकलं होतं. मी एकोणीस वर्षांच्या गोदाचा हात धरून बसलो होतो, कागद समोर असूनसुद्धा.

पहिला सूर थरथरला. दुसराही. मग तू वरच्या सुरावरून हळूच खाली आलीस आणि मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. तुला वाटलं असेल, फोन आला. फोन आला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाले भांडत होते, हॉर्न वाजत होते, आणि त्यातूनही मला तू कुठल्या तारेवर आहेस ते कळत होतं.

एसटी स्टँडवर वैदेही पाण्याला गेली तेव्हा तू जे बोललीस ते मी इथं लिहून ठेवतो. मी बरोबर ऐकलं का, ते तू बघ.

तू म्हणालीस, ‘बार लपवलास ते एक. तेव्हा तू पोरगाच होतास. पण नंतर एकदासुद्धा विचारलं नाहीस, गोदा, वाजवतेस का पुन्हा? इतकी वर्षं मी भाऊबीजेला आले. तू गिटार काढायचास, सगळ्यांना ऐकवायचास. माझा हात मी मांडीखाली घालून बसायचे. तू एकदाही गिटार माझ्यापुढं केली नाहीस. ते मला जास्त लागलं.’

मी म्हटलं, ‘चुकलं माझं.’

तू म्हणालीस, ‘हो.’

मग तू बसमध्ये चढलीस, खिडकीशी बसलीस, आणि वाकून मला विचारलंस, ‘तेव्हा मी कशी वाजवायचे रे? खरं सांग.’

बस लगेच सुटली नाही. कंडक्टर खाली कुणाशी तरी बोलत उभा होता. दोन-तीन मिनिटं सहज होती. आणि मी तुला विचारलं, ‘स्वेटर घेतलाय ना? बार्शीला पोचेपर्यंत गार होईल.’ तू खिडकीची काच ओढून घेतलीस.

त्या दिवसापासून गड्ड्याच्या यात्रेची रोषणाई लागली आहे. सिद्धेश्वराच्या देवळाच्या बाजूनं माणसं लोटलीत. सोजरबाई नातवंडांना घेऊन पाळण्यात बसून आल्या, मला म्हणाल्या, ‘काका, तुमी बी चला की.’ नाही गेलो. आठ दिवस मी घरात बसून तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मनात जुळवतोय. गिटारला हात लावला नाही. पाच डिसेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, कसली भीती वाटली ते सांगता येत नाही. येत होतं. पासष्टाव्या वर्षीही तेवढं तोंडातून निघेना, म्हणून नोकरी, मिल, तुझी स्थळं, सगळं पुढं केलं.

आता सांगतो.

मी वाजवायला बसलो की अण्णा पेपर वाचत राहायचे. मधूनच म्हणायचे, ‘तो सूर जरा चढा लागला.’ पान उलटायचे. तू ती औषधाची बाटली घेऊन बसलीस की पहिल्या ओळीलाच पेपर त्यांच्या मांडीवर यायचा. डोळे मिटायचे नाहीत, मान डोलवायचे नाहीत, नुसते बघत राहायचे तुझ्याकडं. तुझ्या पाठीमागं असायचे ते, म्हणून तुला कधी दिसलं नाही. मला रोज दिसायचं. मी पाच वर्षं शिकत होतो, गोदा, तू समोर भाजी निवडत होतीस.

तू माझ्यापेक्षा चांगली वाजवायचीस. पुष्कळ चांगली. मला ते तेव्हा माहीत होतं आणि नंतर एकही दिवस असा गेला नाही की ते माहीत नव्हतं.

नारायण